आत्याला गाडी लागते

अहल्याआत्याला गाडी लागत नव्हती. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात एकदाही लागली नव्हती. पण हे सांगायची सोय राहिली नव्हती, कारण तिला गाडी लागते ही गोष्ट क्षिप्रेकाठच्या फ्रीगंजमधल्या तिच्या घरात गेली तेहतीस वर्षं सूर्य पूर्वेला उगवतो इतकी पक्की होती. आणि ती पक्की करणारी अहल्या स्वतःच होती.

त्याचं असं झालं. तिच्या भावाने, दिलीपदादाने, पहिली मारुती घेतली आणि महेश्वरला जायचं ठरलं. वहिनीचे आईवडील धारहून आलेले. दादा आणि सासरे पुढे बसणार. मागे वहिनी, तिची आई आणि दोन मुलं, अकरा वर्षांचा श्रीनाथ नि आठ वर्षांचा विक्रांत. गाडी भरली. अहल्या ठेवणीतली साडी नेसून, दशम्यांचा डबा हातात धरून फाटकाशी उभी. दादाने किल्ली बोटात फिरवत गाडीभोवती दोन चकरा मारल्या. माणूस हळवा. बहिणीला ‘राहा’ म्हणवेना, आणि सासूला ‘उतरा’ म्हणायची छाती कुठल्या जावयाला असते? तेव्हा अहल्याच म्हणाली, “अरे, मी नाही येत. मला गाडी लागते.” दादाचा जीव भांड्यात पडला, ते तिने डोळ्यांनी पाहिलं. डबा खिडकीतून आत गेला आणि गाडी निघून गेली.

एका दिवसापुरती थाप होती ती. पण आपल्या सोयीची थाप फार टिकत नाही. दुसऱ्याच्या सोयीची मात्र जन्मभर चालते. पुढच्या सहलीला कुणी तिला विचारलंच नाही. “अहल्येला गाडी लागते ना,” असं म्हणून वहिनीने तिच्यासाठी भात लावून ठेवला. रेल्वेत तिला काही होत नसे, रिक्षात काही होत नसे. फक्त चारचाकीचं दार बंद झालं की पोट ढवळतं, असं एक शास्त्र घराने आपोआप तयार केलं. असलं पोट वैद्यकात कुठे सापडायचं नाही. पण कुणाला शंका आली नाही, निदान अहल्येला तरी तसंच वाटत होतं.

तिचं लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहूनच गेलं. मुलींच्या शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली. दादा गेला, वहिनी गेली. आता घरात श्रीनाथ, त्याची बायको रजनी, त्यांचा इंदूरला शिकणारा आल्हाद. धाकटा विक्रांत, त्याची बायको मानसी आणि नऊ वर्षांची इशिता. आत्या धरून सात माणसं. आत्याला मान होता, माया होती, पहिला चहा तिला मिळत होता. ती रुसून बसलेली म्हातारी नव्हती. सगळे गाडीने कुठे गेले की ती घर सांभाळायची, आणि रिकाम्या घरात जेवताना मनाशी म्हणायची, त्यांना कळलंसुद्धा नाही, मजेत गेले. हे एवढं तिचं एकटीचं सुख होतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. दोघा भावांनी मिळून नवी मोठी गाडी घ्यायचं ठरवलं, आणि ती घेऊन दिवाळीनंतर अंबाजोगाईला कुलदेवीच्या दर्शनाला जायचं ठरलं. अहल्या नऊ वर्षांची असताना वडिलांबरोबर तिथे गेली होती. गर्दीत काही दिसेना म्हणून वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं होतं, तेवढंच आठवत होतं. त्यानंतर जाणं झालं नाही. रेल्वेने जायचं तर परळीपर्यंत दोनतीनदा बदलाबदली, आणि या वयात एकटीने कोण करतं ते? यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिला जायचं होतं, सगळ्यांबरोबर, एका गाडीत बसून. बस, इतकंच.

आणि नवी गाडी होती सात जणांची.

गाडी तशी अजबच होती. रात्रभर पोर्चमधल्या प्लगला लावून ठेवायची, की गावातल्या गावात विजेवर पळते. लांब निघालं की पेट्रोल घेते. विक्रांतने माहितीपत्रक आणून टेबलावर टाकलं आणि घरात शाळेसारखा अभ्यास सुरू झाला. तीन व्हेरिएंट: बेस, मिड, टॉप. बेसमध्ये पाचच सीट, म्हणून तो पहिल्याच दिवशी बाद. मिड सात सीटांचा, मधल्या रांगेत तिघांचा सलग बाक. टॉपला छताची काच उघडणारी, मागचं दार आपोआप मिटणारं, आणखी बरंच काही. पुढचं कुणी वाचेना. वाचलं ते आत्याने, भिंग घेऊन, हातात पेन्सिल धरून.

“आत्या, तू तर शोरूमवाल्यांना पण शिकवशील,” विक्रांत हसला. टॉवर चौकात त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि माणसाला हसवत औषध विकायची सवय घरीही सुटत नसे.

“मिडच घ्या,” आत्या म्हणाली. “बॅटरी तीच, इंजिन तेच. काचेतून आकाश बघायचंय कुणाला?”

“मला!” इशिता ओरडली.

“तू गच्चीवर जा.”

एकीकडे तिने आपली जुनी थाप हळूहळू मोडायलाही घेतली होती. भाजी निवडताना मानसीला म्हणाली, “हल्ली मला गाडी लागत नसावी बहुतेक. वयाने जातं म्हणतात.” मानसीचा चेहरा काळजीने एवढासा झाला. “आत्या, रिस्क नका हो घेऊ. रस्त्यात तब्येत बिगडली तर?” संध्याकाळी विक्रांतने दुकानातून गोळ्यांची पट्टी आणून दिली आणि वर सांगितलं, “टेन्शन नको घेऊ, आत्या. तुला जबरदस्ती नाही करणार कुणी.” आता या प्रेमाशी भांडायचं तरी कसं? आत्याने पट्टी कपाटात ठेवली.

रविवारी शोरूममध्ये गाडी चालवून बघायला जायचं होतं. आत्या चप्पल घालून सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभी राहिली. “मी पण येते. लागली तर लागली.”

घरात गडबड उडाली. मानसीने प्लास्टिकच्या तीन पिशव्या घेतल्या, इशिताने लिंबू घेतलं, विक्रांतने गोळी भरवलीच. आत्याने मुकाट्याने गिळली. शोरूममध्ये तेजस्विनी नावाची एक चटपटीत मुलगी त्यांच्या दिमतीला होती. तिने मिड मॉडेलची गाडी काढली. श्रीनाथ चालवायला, शेजारी तेजस्विनी, मधल्या बाकावर रजनी, मानसी, विक्रांत. आणि सगळ्यात मागे आत्या नि इशिता.

गाडी आवाज न करता निघाली. इंदूर रोडला लागली, त्रिवेणीच्या घाटापर्यंत गेली. मानसी दर दोन मिनिटांनी मागे वळून पिशवी दाखवत होती. आत्या खिडकीबाहेर बघत होती. पुलाखाली क्षिप्रा दिसली, घाटावर वाळत घातलेली लुगडी दिसली, शेंगावाला दिसला, आणि हे सगळं तिने रिक्षातून शंभरदा पाहिलेलं असूनही तिला ते नवं वाटलं, कारण पुढे पाच डोकी होती आणि त्यातली चार आपली होती. इशिता तिच्या खांद्यावर रेलली होती. आत्याला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिने पदर तोंडाला लावला. मानसीने घाबरून पिशवी पुढे केली.

“अगं, काही नाही होत मला!” आत्या मोठ्याने म्हणाली. “काही म्हणता काही नाही!”

गाडीत टाळ्या पडल्या. “आत्या पास!” विक्रांत ओरडला. “तेहतीस साल का रेकॉर्ड टूट गया!” तेजस्विनीला काही कळलं नाही, पण तीही हसली. हसला नाही तो फक्त श्रीनाथ. तो आरशातून मागे बघत होता, आणि आत्याची नजर मिळताच त्याने रस्त्याकडे पाहिलं. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शोरूमला परत आल्यावर सगळे उतरले. रजनी उतरेना.

रजनीच्या मणक्याची गादी दोन वर्षांपूर्वी सरकली होती. घरात ती कशीबशी वावरायची, कण्हायची नाही. अर्ध्या तासाच्या त्या बाकाने तिची कंबर धरली. श्रीनाथने आणि विक्रांतने धरून तिला उतरवलं, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. पुढच्या सीटवर बसवून पाहिलं, तरी तेच. तेजस्विनी धावत गेली आणि तिने आत ठेवलेल्या टॉप मॉडेलचं दार उघडलं. “मैडम, एक बार इसमें बैठिए।” मधल्या रांगेत बाक नव्हता; दोन वेगळ्या खुर्च्या होत्या. पाठ हवी तितकी मागे जात होती, पायाखाली आधार वर येत होता. रजनी तिच्यात टेकली आणि तिच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर सैल झाली. डोळे मिटून ती म्हणाली, “अशी तर मी दिल्लीला पण जाईन.”

“ये कैप्टन सीट सिर्फ टॉप में आती है,” तेजस्विनी म्हणाली. “पर फिर टोटल छह ही बैठेंगे।”

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. विक्रांत टायर बघायला लागला. मानसीने पिशव्या घडी करून पर्समध्ये ठेवल्या. “घरी जाऊन बोलू,” श्रीनाथ म्हणाला.

घरी कुणी बोललं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. आत्या खोलीत आली की बोलणं भाजीच्या भावावर यायचं. आत्या काही दुधखुळी नव्हती. रजनीची कंबर तिने पाहिली होती. टॉप घ्यावा लागणार आणि टॉपमध्ये सहा बसणार, हे गणित तिला कुणी शिकवायला नको होतं. आपली जागा जाणार, हे तिने शोरूमच्या दारातच मनाशी मान्य केलं होतं.

तिला एकच हवं होतं. कुणीतरी येऊन म्हणावं, “आत्या, तू चल. काहीतरी करू. आल्हाद येईल रेल्वेने, नाहीतर विक्रांत येईल, पण तू चल.” असं कुणी म्हटलं असतं, तर ती लगेच म्हणाली असती, “छे रे, जा तुम्ही, मी राहते.” मनापासून म्हणाली असती, हसत घर सांभाळलं असतं. पण आधी कुणीतरी म्हणायला हवं होतं. दोन दिवस ती त्या एका वाक्याची वाट बघत घरात फिरत राहिली. कुणी जवळ आलं की हातातलं काम थांबवायची. मंगळवारी दुपारी श्रीनाथ पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा ती पोळी तव्यावर करपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. तो पाणी पिऊन निघून गेला.

बुधवारी सकाळी ती मागच्या व्हरांड्यात मटार सोलत बसली होती. श्रीनाथ आला आणि खाली तिच्यासमोर बसला. लहानपणी गणित अडलं की असाच बसायचा. आत्याने परात बाजूला सारली.

“आत्या, एक काम होतं तुझ्याकडे.”

“बोल ना.”

“रजनी ऐकतच नाही. बोलते, टॉप नको. आत्या एवढी हौसेने तयार झाली आहे, ती नाही येणार तर मी पण नाही. रविवारपासून एकच रट लावली आहे.”

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे कुणीतरी म्हटलं होतं. जिची कंबर मोडली होती तिनेच म्हटलं होतं. आत्याला वाटलं, आताच्या आता उठावं, रजनीला जवळ घ्यावं आणि सांगावं, की वेडे, तू म्हणालीस तिथेच माझं अंबाजोगाई झालं. ती तोंड उघडणार, तोच श्रीनाथ पुढे बोलला.

“तर तू फक्त एकदा तिला जाऊन सांग, की त्या दिवशी तुला मळमळलं होतं. सगळ्यांसमोर बोलली नाहीस, एवढंच. मग ती मानेल.”

“पण मला नव्हतं रे मळमळलं.”

“ते माहीत आहे मला,” श्रीनाथ म्हणाला. दूध आलंय असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. “तुला कधीच नाही लागली गाडी.”

आत्याच्या हातातली शेंग हातातच राहिली. “कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्यापासून ना. मारुतीच्या आधी तू आम्हाला इंदूरहून मेटाडोरमध्ये आणायचीस, मांडीवर पुस्तक ठेवून अख्ख्या रस्त्यात वाचून दाखवायचीस. गाडी लागणारा माणूस असं वाचू शकतो का? महेश्वरला जाताना मी बोललो पण होतो गाडीत, की आत्याला कुठे लागते गाडी?”

“मग?”

“बाबांनी गप्प केलं. म्हणाले, माहीत आहे मला. पण ती म्हणतेय ना लागते, मग लागते. तिचा मोठेपणा आहे, आपण नाही बोलायचं. आईला पण माहीत होतं. विक्रांत तेव्हा झोपला होता, त्याला नाही माहीत. तो तर खरंच गोळ्या आणतो.”

दादाला माहीत होतं. महेश्वरहून आल्यावर दादा तिच्यासाठी पेरू घेऊन आला होता आणि पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, “आता बरं वाटतंय ना?” माहीत असून विचारलं होतं. प्रत्येक सहलीनंतर विचारायचा, मरेपर्यंत विचारत राहिला. आणि ती दर वेळी “हो, बरी आहे,” म्हणत राहिली, आणि रिकाम्या घरात एकटी जेवताना मनाशी म्हणत राहिली, की त्यांना कळलंसुद्धा नाही. सगळ्यांना कळलं होतं. तिने गुपचूप दिलं असं तिला वाटत होतं, ते त्यांनी मोजूनमापून घेतलं होतं. नुसतं एकदा ‘चल गं, खोटं नको बोलूस’ म्हणायचं होतं. तेहतीस वर्षांत एकदा. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि समोर बसलेल्या, केस पिकायला लागलेल्या त्या मुलाच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. तिने दोन्ही केलं नाही.

“श्रीनाथ,” ती म्हणाली, “एक जण रेल्वेने आला असता.”

“कोण?”

त्याने खरोखरच विचारलं होतं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, कपाळाला आठी होती. कोण बरं येणार रेल्वेने, याचा तो प्रामाणिकपणे विचार करत होता. आत्याने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “जाते मी रजनीकडे.”

रजनी पलंगावर कुशीवर पडली होती, कमरेला शेकायची रबरी पिशवी लावून. आत्या तिच्या उशाशी बसली.

“ऐक गं. तो टॉपच घ्यायला सांग. रविवारी मी बोलले नाही, पण त्रिवेणीच्या पुढे माझ्या पोटात नुसतं ढवळत होतं. तोंडाला पदर लावला तो कशाला? घरी आल्यावर बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. मानसीने इतक्या पिशव्या घेतल्या होत्या, म्हटलं पोरांचा विरस कशाला करायचा.”

रजनीने मान वर करून पाहिलं. “खरंच, आत्या? माझ्यासाठी नाही ना म्हणत तुम्ही?”

“तुझ्यासाठी कशाला म्हणू?”

“माझ्या गळ्याची शपथ घ्या.”

आत्याने तिच्या गळ्याला हात लावला. आयुष्यात खोटी शपथ तिने कधी घेतली नव्हती. शाळेत मुलींना त्यावरून छड्या मारल्या होत्या. “तुझ्या गळ्याची शपथ,” ती म्हणाली. रजनीचा गळा तापलेला होता. रजनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, “मला फार वाटत होतं हो तुम्ही यावं. मी यांना रोज सांगत होते.” आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. घरात आपल्याला मोजणारं एक माणूस होतं, आणि आत्ता त्याच्याशीच आपण खोटं बोललो, हे तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त लागलं.

“जाऊन या, आणि माझा नमस्कार सांग देवीला,” ती म्हणाली. पिशवी गार झाली होती. ती घेऊन आत्या स्वयंपाकघरात आली आणि तिने गॅसवर पाणी ठेवलं.

खिडकीबाहेर पोर्चमध्ये श्रीनाथ फोनवर बोलत होता. भिंतीपाशी उभा राहून तो चार्जिंगच्या प्लगची जागा हाताने मोजत होता.

“हाँ तेजस्विनीजी, वही, टॉप वाला, सिक्स सीटर। नहीं नहीं, कुछ चेंज नहीं है। सोमवार को जो फॉर्म भर के गया था ना, वही फाइनल है। हाँ, घर में सब राज़ी हैं।”

पाणी उकळलं. आत्याने गॅस बंद केला, पिशवी भरली, झाकण घट्ट फिरवलं आणि गळत नाही ना, ते उलटी करून पाहिलं. आत्या हो म्हणेल, हे त्याला सोमवारीच माहीत होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. तिला एवढंच वाटलं, की त्याने निदान बुधवारपर्यंत तरी थांबायला हवं होतं.